उजेडात आलेलं घर

(बेहाला, कोलकाता येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



फोटोंवर व्याख्यान आणि पडद्यावर एकही फोटो नाही, याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. संयोजकांनी प्रोजेक्टर तयार ठेवला होता. मीच नको म्हटलं. पडद्यावर फोटो आला की बोलणाऱ्याकडे कुणी बघत नाही, हे एक कारण. खरं कारण दुसरं आहे. ज्या फोटोंबद्दल मी बोलणार आहे, तसे फोटो तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी आहेत. लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत, काळ्या पानांच्या आल्बममध्ये आहेत, आणि अलीकडे घर बदलताना रद्दीच्या गठ्ठ्यातही निघतात. या व्याख्यानाची चित्रं तुम्ही घरी गेल्यावर पाहायची आहेत.

घरातल्याच कुणीतरी, पैसे न घेता, निव्वळ हौसेने काढलेले घरचे आणि शेजारपाजारचे जुने फोटो, हा आजचा विषय. स्टुडिओतले नव्हेत, वर्तमानपत्रातले नव्हेत. असे फोटो इतिहासाचं साधन म्हणून वाचायचे तर कसे वाचायचे? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लवकर निघायचं आहे त्यांची सोय होईल. फोटो हातात आला की काढणारा घरात कोण होता आणि उजेड कुठून येत होता, हे दोन प्रश्न पहिल्यांदा विचारावेत. आणि फोटोच्या पाठीवर काहीच लिहिलेलं नसेल, तर निम्मा फोटो हरवला आहे असं समजावं.

सुरुवात दोन बहिणींपासून करतो. मनोबीना आणि देबलीना सेन रॉय, जुळ्या, जन्म १९१९चा. काशीच्या समोर, गंगेच्या पलीकडच्या तीरावर रामनगरचं संस्थान. वडील विनोदबिहारी सेन रॉय तिथे संस्थानच्या शिक्षणखात्यात होते आणि त्यांना स्वतःला फोटोग्राफीचा भारी नाद होता. मुली बारा वर्षांच्या झाल्या तेव्हा त्यांनी दोघींना वाढदिवसाला बॉक्स कॅमेरे दिले. एक दोघींत नव्हे, प्रत्येकीला वेगळा. १९३१च्या सुमाराची ही गोष्ट आहे. त्या काळी बंगाली काय किंवा मराठी काय, मध्यमवर्गीय घरात कॅमेरा असलाच तर तो वडिलांच्या किंवा थोरल्या काकांच्या ताब्यात असायचा, किल्ली त्यांच्या जानव्याला किंवा खिशात. पोरींनी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, मागे नव्हे. विनोदबिहारींनी कॅमेरे तर दिलेच, पण फिल्म धुणं आणि छापणंही शिकवलं. मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं. फिल्म धुण्यासाठी बाजारात द्यावी लागली, की मुलीने कुणाचा फोटो काढला हे दुकानदाराला आधी कळतं आणि मग गावाला.

या बहिणी संयुक्त प्रांतातल्या हौशी छायाचित्रकारांच्या वर्तुळातही शिरल्या. अशा वर्तुळांची एक छान रीत होती. छापलेले फोटो टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे फिरत, ज्याच्या हाती पडतील तो त्यावर दोन ओळी टीका लिहून पुढे पाठवी. भेट नाही, चेहरा माहीत नाही. फक्त फोटो आणि शेरे. घराबाहेर एकटं पडण्याची मुभा नसलेल्या मुलींना गावोगावच्या जाणकारांशी बरोबरीने वाद घालायला मिळाला तो पोस्टमनच्या कृपेने.

पुढे मनोबीनाबाईंचं लग्न लहान वयातच झालं, बिमल रॉय यांच्याशी. बिमलबाबू तेव्हा टॉलीगंजच्या न्यू थिएटर्समध्ये कॅमेरामन होते. टॉलीगंज इथून काही फार लांब नाही. प्रमथेश बरुआंचा १९३५चा ‘देवदास’ बिमलबाबूंच्याच कॅमेऱ्याने टिपलेला. म्हणजे एका घरात दोन कॅमेरे आले; एकाने सिनेमा बनत होता, पगार मिळत होता, आणि दुसऱ्याने मुलं, सासरची माणसं, प्रवासातली सोबत. १९५०मध्ये हे कुटुंब मुंबईला गेलं. ‘दो बीघा जमीन’ १९५३चा. वांद्र्याच्या त्या घराची आणि तिथल्या माणसांची नोंद ज्या डोळ्यांनी ठेवली ते दिग्दर्शकाचे नव्हते, गृहिणीचे होते. देबलीना मजुमदार कोलकात्यातच राहिल्या आणि फोटो काढत राहिल्या. मनोबीनाबाई २००१मध्ये गेल्या, देबलीनाबाई २०१२मध्ये. अभ्यासक सबीना गडिहोक यांनी या दोघींच्या कामाकडे नीट लक्ष वेधलं, आणि मनोबीनाबाईंच्या जन्मशताब्दीच्या सुमाराला त्यांच्या घरच्यांनी फोटोंचं प्रदर्शन मांडलं. तोवर चित्रपटवाल्यांनासुद्धा त्या ‘बिमलदांच्या पत्नी’ म्हणूनच ठाऊक होत्या.

मनोबीनाबाईंनी रवींद्रनाथांचे, नेहरूंचे फोटो काढले आहेत. त्यांचा उल्लेख सगळे पहिल्यांदा करतात, कारण नाव ओळखीचं असलं की लेख लिहायला सोपं जातं. मला विचाराल तर मोठ्या माणसांचे ते फोटो या संग्रहातले सर्वांत गौण. रवींद्रनाथांचे फोटो काढणारे शेकड्याने होते. बहिणीने काढलेला बहिणीचा फोटो मात्र दुसरं कुणी काढूच शकलं नसतं. त्यातून या जुळ्या. समोर उभी आहे तिचा चेहरा आपलाच, तिला कुठल्या उजेडात कसं दिसतं हे आरशातून रोजचं माहीत. स्टुडिओत गेलं की मान ताठ करून, श्वास रोखून माणूस ‘फोटोतला माणूस’ होतो. घरच्या माणसाने कॅमेरा धरला की तो ताठरपणा सुटतो. मुद्दा जवळ जायला मिळण्याचा आहे. ज्या दारातून आत यायला परक्याला बंदी, त्या दाराच्या आतूनच हा फोटो निघतो.

१९५९मध्ये बिमलबाबू मॉस्कोच्या पहिल्या चित्रपट महोत्सवात परीक्षक होते. त्याच वर्षी मनोबीनाबाईंनी लंडनच्या रस्त्यांवर फोटो काढले. घरात सरावलेला डोळा परक्या शहरात काय बघतो हे पाहण्यासारखं आहे. इमारती कमी, माणसं जास्त.

आता उजेडाकडे येतो. माझ्या बोलण्यातला हा सर्वांत रुक्ष भाग वाटेल, पण सगळी गोम इथेच आहे.

बॉक्स कॅमेरा म्हणजे खरोखरच खोका. पुढे एक साधं भिंग, आत फिल्मचं रीळ, वर एक चिमुकली काचेची खिडकी. कॅमेरा पोटाशी धरायचा, मान खाली घालून त्या खिडकीत बघायचं. तिथे डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे दिसतं, त्यामुळे मूल डावीकडे पळालं की नवशिका कॅमेरा भलतीकडेच वळवतो. शटर ठरलेलं, साधारण सेकंदाचा तिसावा ते पन्नासावा भाग. भिंगाचं भोक बारीक. फोकस कायमचा बसवलेला. आठ-दहा फुटांच्या अलीकडे आलेला चेहरा पुसट येणार. या तीन गोष्टी नीट ध्यानात घेतल्या की जुने घरगुती फोटो एकदम उलगडायला लागतात. सगळी माणसं एवढी लांब का उभी आहेत, चेहरे वाटाण्याएवढे आणि वर अर्धा फोटो नुसती भिंत का? कारण जवळ यायला कॅमेऱ्याला परवानगी नव्हती. सगळे डोळे बारीक करून का बघताहेत? कारण ऊन समोरून तोंडावर घ्यायचं, अशीच त्या काळची शिकवण होती. आणि सगळे फोटो गच्चीत, ओसरीवर, अंगणात, जिन्याच्या पायऱ्यांवरच का? कारण घरात अंधार होता.

मंडळी, हा शेवटचा मुद्दा जरा मनावर घ्या. आपल्या आजीचं आयुष्य कुठे गेलं? स्वयंपाकघरात, माजघरात, कोठीच्या खोलीत, बाळंतिणीच्या खोलीत. या चारही जागा घरातल्या सर्वांत काळोख्या. चुलीच्या धुराने भिंती आणखी काळ्या. तिथे बॉक्स कॅमेऱ्याला काही दिसत नव्हतं. त्यामुळे आजीचे जे तीन-चार फोटो आहेत ते सगळे ती गच्चीत आली तेव्हाचे आहेत. पापड वाळत घालायला आली, नातवाला उन्हात बसवायला आली, किंवा ‘अगं ये ना’ म्हणून ओढून आणली. आल्बम पाहणाऱ्या पुढच्या पिढीला वाटतं, पूर्वी माणसं सदा गच्चीवर आणि सदा हसतमुख असायची. खोटं काहीच नाही त्यात, पण घराचा जेवढा भाग उजेडात होता तेवढ्याचीच बखर लिहिली गेली. पंगतीचे फोटो असतात, कारण पंगत अंगणात मांडवाखाली. पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्यांचे नसतात.

पैशाचंही तेच. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत हजारो घरांत आला तो आग्फा क्लिक थ्री, बडोद्याला तयार होणारा. त्यात १२० नंबरचं रीळ, एका रिळात बारा फोटो. रीळ महाग, धुलाई महाग, म्हणून ते कॅमेऱ्यात महिनोन्‌महिने बसून राहायचं. गणपतीचे दोन, कोजागिरीचा उजेडाअभावी फसलेला एक, दिवाळीचे तीन, मामा आला तेव्हाचा एक, आणि मग ‘संपवून टाकू या’ म्हणून एका रविवारी उरलेले पाच. पुढे आल्बममध्ये चिकटवताना हा क्रम मोडतो. सुंदर फोटो पुढच्या पानावर, हललेले फेकून दिले जातात. निगेटिव्हच्या पट्टीवर मात्र क्रम जसाच्या तसा राहतो. मामाचा फोटो दिवाळीच्या फोटोला लागूनच असेल, तर मामा कार्तिकात आला होता. तारीख लिहिलेली नसली तरी पट्टी सांगते. म्हणून निगेटिव्ह फेकणाऱ्यांना मी पोथीची पानं सुटी करून चुलीत घालणाऱ्यांच्या रांगेत बसवतो. छापलेला फोटो पुन्हा छापता येतो. पट्टी गेली की क्रम गेला.

मागे थोडं जाऊ. हौशी छायाचित्रकारांचा इतिहास आपल्या देशात व्यावसायिकांइतकाच जुना आहे, आणि त्यात मुंबई-कलकत्त्याची जुनी चुरस आहे. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ची, बंगालची १८५६ची. मुंबईच्या सोसायटीत डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतः कॅमेरा चालवणारे. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईहून विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी हौशी छायाचित्रकारांचा म्हणून एक आल्बम मासिकासारखा काढला. प्रत्येक अंकात खरेखुरे फोटो चिकटवलेले. त्यात नारायण दाजींचेही फोटो आहेत.

पण या जॉन्सनसाहेबांनी पुढे काय केलं ते बघा. १८६३ आणि १८६६मध्ये त्यांनी मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड प्रसिद्ध केले. माणसांचे गट एका ठिकाणी उभे करून टिपले, मग त्यांच्या आकृत्या कापून मुंबईच्या वेगवेगळ्या देखाव्यांवर बसवल्या आणि पुन्हा छापलं. जवळून पाहिलं की लक्षात येतं, माणसांच्या पायाखालची सावली आणि मागच्या देवळाची सावली यांचा मेळ बसत नाही. पागोटं नीट दिसतं, धोतराचा घोळ नीट दिसतो, पण माणूस कुठेच उभा नाही. त्याला नाव नाही. खाली फक्त जात लिहिली आहे. समाजजीवनाची नोंद म्हणून ग्रंथालयांत हेच खंड मानाने ठेवलेले असतात. या खंडांतला ब्राह्मण आणि कुणाच्या तरी काकांनी अंगणात काढलेला, डोळे मिटलेला, थोडा हललेला आजोबांचा फोटो यांत समाजाची खरी नोंद कुठली असं कुणी विचारलं, तर मी आजोबांच्या बाजूने उभा राहीन. त्यांच्या सावलीचा आणि भिंतीच्या सावलीचा मेळ बसतो.

कलकत्त्याच्या सोसायटीचा किस्सा तर बोलका आहे. राजेंद्रलाल मित्र हे नामांकित विद्वान तिथले पदाधिकारी होते. १८५७मध्ये टाउन हॉलच्या सभेत त्यांनी निळीच्या मळेवाल्या गोऱ्यांवर सडकून टीका केली. मळेवाले सोसायटीतही होतेच. मित्रांना सोसायटीतून काढून टाकलं गेलं. हौस ही निरुपद्रवी गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की कॅमेरा कुणाच्या हातात असावा यावरून या शहरात राजकारण झालेलं आहे.

बायकांच्या बाबतीत ते राजकारण घराघरांत होतं. त्रिपुराचे महाराज बीरचंद्र माणिक्य मोठे हौशी छायाचित्रकार. त्यांचा आणि राणी मनमोहिनीदेवींचा १८८०च्या दशकातला एक फोटो प्रसिद्ध आहे. महाराज राणीला जवळ घेऊन बसले आहेत, आणि शटर दुरून उघडण्याची दोरी त्यांच्याच हातात आहे. पुढे लाखो लोक हात लांब करून जे करू लागले, ते या दोघांनी अगरतळ्याच्या राजवाड्यात आधीच उरकलेलं. राजघराण्यात हे चाललं. सामान्यांच्या अंतःपुरात परका पुरुष कॅमेरा घेऊन जाऊ शकत नव्हता, म्हणून कलकत्त्यात अन्नपूर्णा दत्त यांच्यासारखी बाई पुढे आली. जन्म १८९४. बाराव्या वर्षी लग्न. पंचविशीत फोटोग्राफीवर कमवायला लागल्या. स्टुडिओ नव्हता, लोकांच्या घरी जाऊन पडद्यातल्या बायकांचे फोटो काढायचे आणि आपल्या घरी धुवायचे. त्यांना लोक फोटो-माशिमा म्हणत. त्या हौशी नव्हेत, धंदा करणाऱ्या. पण घराच्या आत जाण्याचा मान त्यांना होता. हिंदू घरांत आणि मुसलमान घरांतही.

आणि एक तपशील खास आपल्यासाठी. जुन्या बंगाली फोटोंतल्या शिकलेल्या घरच्या बायकांच्या साड्या नीट बघा. निऱ्या, ब्लाउज, खांद्यावर नीट घेतलेला पदर. ही नेसण याच शहरात ज्ञानदानंदिनीदेवींनी रूढ केली, आणि त्यांना ती सुचली मुंबईत, पारशी बायकांकडे पाहून. त्यांचे पती सत्येंद्रनाथ ठाकूर मुंबई इलाख्यात नोकरीला होते. साताऱ्याला न्यायाधीशही होते. आपल्या आल्बममध्येही असा धागा सापडेल. एकाच फोटोत सासू नऊवारीत, सून पाचवारीत, आणि त्यांच्या मधे फ्रॉकमधली नात. इतिहासकाराला यावर पुस्तक लिहावं लागतं. फोटो काढणाऱ्याने फक्त ‘जरा सरका’ म्हटलेलं असतं.

डोहाळजेवणाचे फोटो पाहा. स्टुडिओत गेलं की पुठ्ठ्याची चंद्रकोर, नाही तर होडी, नाही तर धनुष्यबाण, आणि त्यात बसलेली अवघडलेली मुलगी. घरी काढलेला असला तर ओसरीवरचा झोपाळा, त्याला बांधलेला झेंडू, एका बाजूला वाडगं घेऊन उभी असलेली शेजारीण, आणि कोपऱ्यात अर्धी कापली गेलेली एक बाई. ती बहुधा घरकामाची. घरगुती फोटोंत ही कापली गेलेली माणसं फार असतात. हौशी छायाचित्रकार घरातला असतो, म्हणजे घराची उतरंडही त्याच्या डोळ्यांत असते. मोलकरीण, गडी, आश्रित विधवा आत्या ही माणसं चौकटीच्या कडेला, कधी पाठमोरी. नाव तर नाहीच. हौशी फोटोंचं कौतुक करताना हे गिळून टाकता कामा नये. जॉन्सनने नाव वगळलं ते साहेब म्हणून. आपण वगळलं ते घरचे म्हणून. यात कमी-अधिक दोष कुणाचा ते तुम्ही ठरवा.

आणखी एक माणूस हमखास गायब असतो: काढणारा. ज्या घरात हौस वडिलांना, त्या घरात वडील कुठल्याच सहलीला गेलेले दिसत नाहीत. पण जमिनीवर बघा. दुपार कलल्यावर पाठीशी ऊन घेऊन काढलेल्या फोटोत खालच्या कडेला एक लांब सावली पडलेली असते, दोन्ही कोपरं बाहेर, हात पोटाशी. तेच वडील.

हे सगळं टिकायचं कसं? बोर्न अँड शेफर्ड हे या शहरातलं, किंबहुना देशातलं, सर्वांत नावाजलेलं छायाचित्रगृह. १९९१च्या आगीत त्यांचा जुना संग्रह जळाला आणि २०१६मध्ये दुकानही कायमचं बंद झालं. एवढी मोठी पेढी, एका जागी साठवलेल्या काचा, आणि एक आग. घरगुती फोटो हजार घरांत विखुरलेले असतात म्हणून एका आगीने सगळे जात नाहीत. ते जातात हळूहळू, ओलीने. बेहालातल्या पावसाळ्याचं वर्णन मी तुमच्यापुढे करणं म्हणजे काशीला गंगा सांगणं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर राहिली की फोटोवरच्या जिलेटिनवर बुरशी धरते. तो थर कसरीलाही आवडतो. घरच्या अंधाऱ्या खोलीत छापलेल्या फोटोंचा आणखी एक शत्रू म्हणजे घाई. हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणातून, काढल्यावर कागद भरपूर वाहत्या पाण्यात धुवावा लागतो. रात्री अकराला न्हाणीघरात, नळाला पाणी नसताना, कोण धुणार? तो राहिलेला हायपो वीस-तीस वर्षांनी पिवळे-तपकिरी डाग होऊन वर येतो. तरीही नीट धुतलेला काळा-पांढरा फोटो शंभर वर्षं जातो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो त्याच्याआधी तांबूस होऊन विटतात. म्हणून ज्यांच्याकडे मुंजीचे, लग्नाचे रंगीत आल्बम आहेत त्यांनी आधी ते हाताळावेत. पणजोबा थोडे थांबू शकतात.

चिकट पानांवर प्लास्टिक असलेले आल्बम आपण मोठ्या कौतुकाने घेतले. त्यांचा गोंदच फोटो खातो. सुटत असतील तर सोडवून कागदी पाकिटांत घाला. भिंतीवरच्या तसबिरीत काचेला चिकटलेला फोटो मात्र ओढू नका, काचेसकट त्याची प्रत करून घ्या. पाठीवर लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने. बॉलपेनचा वळ पुढून दिसतो. ज्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, त्याच्या पाकिटावर लिहा.

लिहायचं काय? ‘आई, १९६२’ एवढं पुरत नाही. कुणाची आई? आणखी पन्नास वर्षांनी तो आल्बम ज्याच्या हाती पडेल त्याला तुमची आई ही कुणीच नसेल. पूर्ण नाव, गाव, घर कुठलं, काय चाललं होतं, आणि फोटो कुणी काढला. कोलकात्यातल्या सामाजिक शास्त्रांच्या अध्ययन केंद्राच्या हितेशरंजन संन्याल स्मृती संग्रहात, किंवा मुंबईत अनुषा यादव यांनी २०१०पासून चालवलेल्या इंडियन मेमरी प्रोजेक्टमध्ये, हेच पाहिलं जातं. घरचा फोटो आणि त्याच्यासोबत घरच्यांनी सांगितलेली हकीकत. सिद्धार्थ घोष यांनी बंगाली माणसाच्या फोटोग्राफीवर १९८८मध्ये पुस्तक लिहिलं. तसं काम मराठीत व्हायचं आहे. आणि कोलकात्यातल्या मराठी घरांना तर कुणी हातच लावलेला नाही.

बंगालीत लिहिणारे मराठी ग्रंथकार सखाराम गणेश देऊस्कर यांचं नाव आपण इथे अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवं. पण देऊस्कर एक. नागपूरकडून बंगाल-नागपूर रेल्वेच्या नोकरीवर इकडे येणारी माणसं, शेजारच्या गार्डनरीचलाच तिचं मुख्य कार्यालय होतं; विटा-खानापूर-आटपाडीकडून सोन्या-चांदीच्या गलाईसाठी बडाबाजारात, बहूबाजारात येऊन राहिलेली कुटुंबं; या लोकांनी लेख लिहिले नाहीत, ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांनी गावाकडे मनीऑर्डर पाठवली आणि कधीमधी तिच्यासोबत एक फोटो. त्या फोटोत पाठीमागे काय दिसतं हे आता महत्त्वाचं झालं आहे. डायमंड हार्बर रोडवर मेट्रोचे खांब नव्हते तेव्हाचा रस्ता. ट्राम. पुढे बुजवलेलं एखादं तळं. ओळीने नारळ. मूल पुढे, शहर मागे. काढणाऱ्याने मुलाचा काढला आणि शहर फुकटात आलं.

बडिशाच्या सावर्ण रायचौधुरींकडे १६१०पासूनची दुर्गापूजा आहे, कलकत्त्याची गावं ईस्ट इंडिया कंपनीला देणाऱ्या १६९८च्या त्या प्रसिद्ध दस्ताची आठवण आहे, स्वतःची संग्रहशाळा आहे. जमीनदारांचं ठीक आहे. त्यांच्या जमिनीवर पुढे भाड्याने राहायला आलेल्या तुमच्या-माझ्यासारख्यांची संग्रहशाळा म्हणजे आपलेच आल्बम. त्यातली नावं सांगू शकणारी माणसं आज ऐंशी-पंचाऐंशीची आहेत. हा हिशेब सगळ्यांना कळतो, म्हणून मी तो पुढे करत नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत एक दुपार बसा. घाई करू नका, त्यांना चहा द्या, आणि ते भलत्याच फोटोवरून भलत्याच गोष्टीवर गेले तर जाऊ द्या. ती हकीकतही लिहून घ्या. कडेला कापल्या गेलेल्या बाईचं नाव विचाराच. आणि या व्याख्यानमालेच्या चालकांना हात जोडून एक विनंती आहे: पुढच्या वर्षी बाहेरून व्याख्याता बोलावू नका. त्याच्या प्रवासखर्चात एक बरा स्कॅनर येतो, तो घ्या, याच सभागृहात मांडा, आणि लोकांना आपापले आल्बम घेऊन यायला सांगा.